अंगठ्यातली मखमल

पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर अंगाने तशीच, आणि दुसरं म्हणजे जिथे खोचाल तिथे बसायची. परक्या देशातून आल्यापासून तिने इथल्यांसारखं बोलणं, हसणं, खुर्चीत ताठ बसून शिवणं, सगळं उचललं होतं. तिच्या माणसांत शिवण जमिनीवर बसून करतात, कापड पायाच्या अंगठ्यात ताणून धरतात. हे मात्र तिने कारखान्यात कुणाला कळू दिलं नव्हतं.

आणि आज तिची आई कामावर आली होती. मुलीकडे राहायला आल्यापासून बिचारी भिंतींशी गप्पा मारून विटली होती. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, एक दिवस काम बघते. जमलं तर उद्यापासून कायम, नाहीतर परत त्याच भिंती.

"खुर्चीवर बस. चपला काढू नकोस. इथली रीत आहे," टाचणीने वाटेत दहादा बजावलं.

"बरं बाई," आई म्हणाली. तिचं 'बरं बाई' किती खरं असतं, ते मुलीला जन्मापासून ठाऊक होतं.

काम होतं नाटकगृहाच्या मखमली पडद्याचं. खालची दुमड हाताने शिवायची होती. एवढं धूड टेबलावर मावतंय कुठलं? अर्धं खाली लोंबायचं, आपल्याच वजनाने घसरायचं आणि दुमडीला चुण्या पडायच्या. सगळ्यांच्याच पडत होत्या, पण आईच्या जरा जास्तच. मालकीणबाई मागून त्या चुण्या बघून गेल्या. टाचणीने आईच्या दुमडीवरून घाईघाईने हात फिरवून पाहिला.

तेवढ्यात आईने चपला काढल्या, खाली फतकल मारली आणि मखमल अंगठ्यात धरली.

"आई!" टाचणी दबक्या आवाजात ओरडली.

"तुझी रीत माझ्या सुईला कळत नाही गं. दुसरं टोक धरायला कुणीतरी या."

मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "इथे कुणाला येतं हे?"

जो तो आपापल्या पायांकडे बघू लागला. टाचणीचा अंगठा बुटात आपोआप वळला. लाजेने तिचे कान तापले, आणि मग तिला त्या लाजेचीच लाज वाटली.

"मला येतं," ती म्हणाली आणि तिने बूट काढले. मोजा फाटका होता, अंगठा आधीच बाहेर!

"हा तर कामाला निघालाच होता!" कापड कापणारे मामा म्हणाले. सगळे खदखदून हसले, टाचणी सगळ्यांत जास्त. मग मामांनी खडूने रेघ आखून दिली, कुणी सुया ओवून दिल्या, आणि दुमड सुरेख सरळ पळू लागली.

"हा खडू बरा आहे हं," आई म्हणाली. "आमच्याकडे नुसता डोळ्यांचा अंदाज."

"उद्यापासून या तुम्ही," मालकीणबाई म्हणाल्या. "इथे सतरंजी टाकू. ज्याला जिथे जमेल त्याने तिथे बसावं, शिवण सरळ आली म्हणजे झालं. टाचणे, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"वाटलं, हसाल."

"हसलोच की!"

दुसऱ्या दिवशी टाचणी सगळ्यांच्या आधी सतरंजीवर बसली, सुई ओवली आणि आईला शोधू लागली. आई मालकीणबाईंच्या फिरत्या खुर्चीत बसून चहा पीत गरागरा फिरत होती.

"आई, खाली ये! काम पडलंय."

"येते गं. शिवायला खाली, चहाला खुर्ची," आई आणखी एक गिरकी घेत म्हणाली. "इथली रीत आहे."