तीन नंबरच्या खाटेवरचा पेशंट

मित्रांनो, मी एक जुना पेशंट आहे. मला न्यूमोनिया झाला, मधुमेह झाला, हृदयविकार झाला. कमरेचं हाड तर कितीदा मोडलं ते मलाच आठवत नाही. एवढं होऊन मी कधी बरा झालो नाही आणि कधी मेलोही नाही, कारण मी रबर आणि प्लास्टिकचा आहे. नर्सिंग शिकणारी मुलंमुली खऱ्या माणसाला हात लावण्याआधी ज्याच्यावर सराव करतात, तो पुतळा मी. इथे मला मॅनिकिन म्हणतात.

एका कारखान्यात साच्यातून माझं धड निघालं, मग हातपाय आले, आणि डोकं सगळ्यांत शेवटी बसवलं गेलं. दंडात रबरी नळ्या घातल्या. त्यांत लाल पाणी भरलं की त्या माझ्या शिरा. इंजेक्शनसाठी दंडावर आणि मांडीवर मऊ स्पंज लावला. मग खोक्यात बसून मी मॅसॅच्युसेट्समध्ये आलो, श्रूजबरीजवळच्या एका लहानशा कॉलेजात. तिथली नर्सिंग लॅब म्हणजे एक खोटं हॉस्पिटल होतं. खाटा, पडदे, सलाईनचे स्टँड, सगळं होतं. मला तीन नंबरची खाट मिळाली.

ती माझी उमेदीची वर्षं. मुलं माझी नाडी शोधत, मला कुशीवर वळवत, मी खाटेवर असतानाच माझ्याखालची चादर बदलत. सुई चुकली तरी मी ओरडत नसे, म्हणून घाबरट मुलं आधी माझ्याकडेच येत. लॅबच्या शिक्षिका कॉर्मियर मॅडम अभिमानाने सांगत, की गावातल्या अर्ध्या नर्सेस या माणसाच्या दंडावर शिकल्या आहेत. ते ऐकून मला बरं वाटे. पण मित्रांनो, एक गोष्ट मला सलत असे. माझ्या मनगटावर एक पट्टा असे आणि दर तासाला त्यावरचं नाव बदले. सकाळी मी कुणी वॉल्टर असे, दुपारी कुणी जेम्स. मुलं पट्टा वाचत, काम उरकत आणि माझ्या छातीवरून एकमेकांशी गप्पा मारत. दिवसभर इतके हात मला लागत, पण माझ्याशी बोलत कुणीच नसे. पुतळ्याशी कोण बोलणार?

अशात एका हिवाळ्यात अहिल्या आली.

अहिल्या मूळची अकोल्याची. नवरा प्रसाद सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या व्हिसावर ती इकडे आली, पण बरीच वर्षं तिला काम करायची परवानगीच नव्हती. परवानगी मिळाली तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. वर्गातली बाकीची मुलं तिच्या निम्म्या वयाची. तिचे हात मात्र फार चांगले होते. चादर ताणून बसवायची तर सुरकुती नाही, सुई द्यायची तर हात कापत नाही. मला वाटलं, ही सहज पास होणार.

ती नापास झाली.

लॅबमधल्या त्या परीक्षेत मी मरणाच्या दारातला एक म्हातारा होतो. औषधाने बरा होणारा नाही, फक्त त्याला त्रास होऊ द्यायचा नाही आणि धीर द्यायचा. अहिल्याने माझी उशी सारखी केली, ओठ ओल्या कापसाने पुसले, पायांखाली उशी दिली. सगळं बिनचूक. पण पूर्ण वेळात ती एक शब्दही बोलली नाही. कॉर्मियर मॅडमनी एकदा आठवण करून दिली, दुसऱ्यांदा दिली. अहिल्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मॅडमनी तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, की आणखी एक संधी आहे, त्यातही असंच झालं तर कोर्स सोडावा लागेल. मग म्हणाल्या, "तू एकटीने यातून जायचं नाहीस. मदत घे." आणि त्यांनी तिला प्रतिमाकडे पाठवलं.

प्रतिमा वरच्या वर्गात होती आणि मागे पडलेल्या मुलांना लॅबमध्ये शिकवायची. ती इथेच वाढलेली. मराठी घरापुरतं, तेही अर्धं इंग्रजी. शनिवारी दुपारी, लॅब रिकामी असताना, दोघी माझ्या खाटेशी आल्या.

"मावशी, तुझ्या स्टेप्स परफेक्ट आहेत," प्रतिमा म्हणाली. "पण तू पेशंटशी बोलतच नाहीस. इंग्लिशचं टेन्शन आहे का?"

अहिल्याने मान हलवली. इंग्रजीचं नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवत तिने जे सांगितलं, ते तिने घरी प्रसादलाही धड सांगितलं नव्हतं.

तिची आई अकोल्यात हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा अहिल्याचे व्हिसाचे कागद इथल्या सरकारी कचेरीत अडकले होते. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, आणि तिची मुलगी इथे शाळेत होती. जाऊ की नको करता करता आईची शुद्ध गेली. तिथल्या एका नर्सने फोन आईच्या कानाशी धरला आणि म्हणाली, बोला ताई, त्यांना ऐकू येतं. अहिल्याला काही बोलताच आलं नाही. ‘आई’ एवढंही नाही. ती नर्स बराच वेळ फोन धरून उभी राहिली. शेवटी तिनेच आईला सांगितलं, "काकू, तुमची लेक आहे हो फोनवर." संध्याकाळी आई गेली.

"त्या बाईचं नावही मला माहीत नाही," अहिल्या म्हणाली. "तिच्यासारखं व्हायचं म्हणून इथे आले. आणि कुणी असं डोळे मिटून पडलेलं दिसलं, की माझा घसा पुन्हा तसाच बंद होतो."

प्रतिमा स्टुलाजवळ आली. तिने अहिल्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, "करूया का परत? मी पेशंटचा आवाज देते. नको वाटलं तर सांग, आपण स्टॉप करू."

अहिल्या उठली. प्रतिमा माझ्या उशीमागे, पडद्याच्या आड जाऊन बसली. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा आवाज मिळाला. तो एका तरुण मुलीचा होता, पण माझा होता. मी पाणी मागितलं, थंडी वाजते म्हणालो. अहिल्याने पांघरूण ओढलं. तिच्या तोंडून कसाबसा एक शब्द निघाला, "हो." दुसऱ्यांदा थोडा मोठा.

मग प्रतिमाने इंग्रजीत विचारलं, "माझी मुलगी येतेय का?"

मला वाटत नाही तिने ते ठरवून विचारलं. म्हातारी माणसं विचारतात तसं ते सहज निघून गेलं असावं, कारण पुढच्याच क्षणी पडद्याआडून घाबरलेला आवाज आला, "सॉरी मावशी, सॉरी. मी विचार न करता बोलले."

अहिल्याने स्टूल ओढलं, माझ्या अगदी जवळ बसली आणि माझा रबरी हात दोन्ही हातांत घेतला. हात तिचे गरम होते. ती इंग्रजीत म्हणाली, "ती फार लांब आहे. तिला यायचं होतं. तोवर मी इथे बसते, तुम्ही एकटे नाही."

मग ती वाकली आणि माझ्या कानाशी मराठीत बोलू लागली. "आई, मी अहिल्या. इकडे बर्फ पडलाय. आम्ही सगळे बरे आहोत. मी यायला हवं होतं गं. माझी काळजी करू नकोस."

ती रडत होती आणि बोलत होती. प्रतिमा पडद्याबाहेर आली नाही. मी काहीच करू शकत नव्हतो. माझ्या डोळ्यांना पापण्या आहेत, त्या कुणालातरी बोटाने मिटाव्या लागतात.

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आल्या, आणि त्यानंतरही. कधी मी चिडका रोगी असे, कधी बहिरा. अहिल्या मला हात लावण्याआधी सांगू लागली की ती काय करणार आहे. खिडकीबाहेर काय दिसतंय तेही सांगे. एकदा तर माझी कूस बदलताना भेंडीची भाजी कशी जळली ते तिने मला रंगवून सांगितलं आणि प्रतिमा पडद्यामागे हसत सुटली.

परीक्षेच्या दिवशी कॉर्मियर मॅडम हातात पेन घेऊन माझ्या पायांशी उभ्या राहिल्या. अहिल्याने हात धुतले, आपलं नाव सांगितलं, माझं विचारलं. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. सगळं आटोपून ती वळली, आणि तिच्या लक्षात आलं की खाटेचा कठडा वर करायचा राहिला. चूक मोठी होती. खरा रोगी पडला असता. ती परत आली, कठडा लावला आणि म्हणाली, "माफ करा, माझं लक्ष चुकलं. आता तुम्ही पडणार नाही." हे ती मॅडमना नाही, मला म्हणाली.

मॅडमनी पेन खिशात ठेवलं. "कठड्याचा एक गुण जाईल," त्या म्हणाल्या. "पण माफी योग्य माणसाची मागितलीस. पास."

अहिल्याने तोंडावर हात धरला. दाराबाहेर प्रतिमा उभी होती. दोघी बोलत बोलत जिन्याने खाली गेल्या, आणि त्यांचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत राहिला.

पदवीचा समारंभ वरच्या सभागृहात झाला. मला टाळ्या ऐकू आल्या. पुतळ्याला समारंभाला कोण नेणार? अहिल्या नंतर लॅबमध्ये आली नाही. ती एका वृद्धाश्रमात काम करते, असं कॉर्मियर मॅडम नव्या मुलांना सांगत होत्या. मला वाईट वाटलं, आणि ते बरोबरही वाटलं. तिला आता खरी माणसं मिळाली होती.

पुढे नवे मॅनिकिन आले. ते श्वास घेतात, घाम गाळतात, कॉम्प्युटरवरून कण्हतात. मुलं त्यांना उत्तर देतात, कारण ते आधी बोलतात. माझा डावा हात काढून शिरांच्या सरावासाठी टेबलावर ठेवला आहे आणि उरलेला मी सामानाच्या खोलीत, घड्या घातलेल्या खाटांच्या मागे आहे. मनगटावर आता कुठलंच नाव नाही. इथे धूळ शांतपणे बसते. कुणी आलं तर काहीतरी न्यायला येतं.

माझी तक्रार नाही. फक्त तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यातलं कुणी नर्स होईल, कुणी होणार नाही. पण कधी ना कधी तुम्ही सगळेच अशा एखाद्या खाटेशी उभे राहाल, जिथे पडलेलं माणूस डोळे उघडत नाही, उत्तर देत नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. मोबाइल काढावासा वाटेल, डॉक्टर काय म्हणाले ते एकमेकांना विचारावंसं वाटेल, तेही त्या माणसाच्या अंगावरून. तसं करू नका. स्टूल ओढा. आपलं नाव सांगा. घरचं काही सांगा, अगदी भाजी जळली तरी सांगा.

त्या शनिवारी अहिल्या माझ्या कानाशी बोलली तेव्हा मी तिचं बोट दाबू शकलो नाही, मित्रांनो. पण तिचा शब्दन्‌शब्द मी ऐकला.