सत्यभामेची हजेरी

“सत्यभामा बब्रुवान लांडगे.”

“हजर.”

आवाज दारातून आला. वर्गातली अकरा पोरं एकदम मागं वळली. शाळा झाडणारी कडूबाई उंबऱ्याबाहेर हात वर करून उभी होती.

बिभीषण गुरुजी गोंधळले. नोकरीचा त्यांचा दुसराच आठवडा. त्या वर्षी मंत्र्यांनी भरसभेत शब्द दिला होता, चाळीसचा पट दाखवा आणि हायस्कुलाची मान्यता घेऊन जा. तालुक्याचे पुढारी नानासाहेब यांनी तेरजवळच्या या गावात लगेच शाळा काढली. पण पाऊस नव्हता. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. कमी पडलेली नावं जुन्या प्राथमिक शाळेच्या पटावरून उतरवून घेतली होती.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी विचारलं, “सत्यभामा कोण?”

“माजी लेक. बहात्तरच्या दुष्काळात, खडीच्या कामावर, हगवणीनं गेली. धा वर्सांची व्हती.” कडूबाई शांतपणे म्हणाली. “तुमी नाव घेतलं. कुनीतरी व्हय म्हनाया पायजे न्हवं?”

गुरुजी संध्याकाळी नानासाहेबांकडं गेले. “ते नाव काढू द्या, साहेब.”

“एकोणचाळीसला मान्यता न्हाय, गुरुजी. मुंबईत कागद बघतेत, तोंडं न्हाय. अन् शाळा बुडली तर ही अकरा पोरं कुठं धाडता?”

स्वतः गुरुजी रोज चार कोस चालून शिकले होते. त्यांनी नाव काढलं नाही.

तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातून पोरं आणून बसवली. कडूबाईला नानासाहेबांनी मुद्दाम तेरला पाठवलं. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर गुरुजी ते नाव वाचताना अडखळले. मागच्या रांगेतून बारीक आवाज आला, “हजर.”

कोण बोललं, हे मान वर करून बघायचं त्यांचं धाडस झालं नाही. साहेबांनी पटावर खूण केली.

मान्यता आली.

एप्रिलात निकाल वाटून झाल्यावर कडूबाई टेबलाशी आली. “सत्यभामा पास झाली का वो, गुरुजी?”

गुरुजींनी कोरं प्रगतिपत्रक ओढून नाव लिहिलं, खाली ‘उत्तीर्ण’ लिहून सही केली. कडूबाईनं ते दोन्ही हातांनी घेऊन पदरात गुंडाळलं.

ती गाडीवाटेनं घराकडं निघाली. एका चाकोरीतून ती चालत होती. मधूनच थबके, शेजारच्या रिकाम्या चाकोरीकडं वळून काही बोले, आणि पुन्हा सावकाश चालू लागे.