निमंत्रकाची ओळ

देवरामने आपल्या पत्रिकांच्या दुकानातल्या काउंटरवर ती पत्रिका आपटली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"वाच. मोठ्यानं वाच."

ललितने वाचली. वर गणपती, मग नवरी, नवरदेव, मुहूर्त, स्थळ सायखेडा, सगळं जिथल्या तिथं. एकदम तळाला बारीक अक्षरात ती ओळ आली आणि त्याचा आवाज तसाच सपाट पुढं गेला, एसटीचा कंडक्टर गावांची नावं घेतो ना, तसा.

"निमंत्रक : श्री. वाल्मीक गोटीराम माळोदे, सौ. मंजुषा वाल्मीक माळोदे."

"आता तूच सांग. बहिरूनानांच्या पोरीच्या लग्नात तुझा भाऊ अन् वहिनी निमंत्रक कुठून आले?"

कुठून आले ते ललितला पक्कं ठाऊक होतं. 'पाटी' त्याचीच होती ना! 'पाटी' म्हणजे मराठी टाईप करायचा एक छोटासा प्रोग्राम, अख्खा एका फ्लॉपीत मावणारा. मखमलाबादच्या घरी फुलांच्या टोपल्या ठेवायची खोली होती, तिथं बसून ललितने तो लिहिला, आणि वाल्मीकने मोटरसायकलवर फिरून जिल्हाभरच्या पत्रिकावाल्यांना नेऊन दिला. बरं, नुसता देऊन परत येईल तर तो वाल्मीक कसला! दुकानात ठाण मांडायचा, चहा प्यायचा, कोणाला काय खटकतं, कोणाचा 'ज्ञ' उमटत नाही, कोण शिव्या घालतो, सगळं कानात साठवून आणायचा आणि जेवताना घास हातात धरून एकेकाची नक्कल करायचा. "सिन्नरवाला म्हणतो, तुमची पाटी लय मानी हाय राव, मधीच रुसून बसती!" सगळं घर हसायचं, आणि ललित हसता हसता मनातल्या मनात दुरुस्तीला लागायचा.

नमुन्याची पत्रिकाही वाल्मीकच्याच डोक्यातून निघालेली. "अरे, उघडल्या उघडल्या पांढरं फटक पान दिसतं. माणूस बावचळतो. एखादी तयार पत्रिका टाक की." आणि स्वतःच बसून, दोन बोटांनी, टाईप केली. चि. ललितचं लग्न. नवरीच्या जागी नुसती टिंबं. निमंत्रक म्हणून आपण दोघं नवराबायको. मंजुषा मागं उभी होती, म्हणाली, "अहो, जिल्हाभर माझं नाव कशाला?"

"मिरव की," तो म्हणाला होता.

आता पत्रिकावाल्यांची रीत कशी असते, तर कोरं पान कोणीच घेत नाही. जुनी पत्रिका उघडायची आणि तिच्यावरच नवी नावं चढवत खाली यायचं. देवरामने नमुनाच उघडला, वरून खाली येत होता, झालं तेवढं सेव्ह केलं आणि मध्येच लाईट गेली. लाईट आल्यावर त्याला वाटलं, झालं सगळं. बहिरूनानांनी पोरीचं नाव पाहिलं, तारीख पाहिली, म्हणाले, छाप.

"तो नमुना काढून टाक," देवराम म्हणाला. "विंचूरवाला पण हेच म्हणतोय. ह्या सीझनला असाच राहिला ना, तर आम्हाला आपला जुना प्रोग्रामच बरा. अन् कवाधरनं फोन करतोय, वाल्मीकभाऊ काय फोनवर येईना. वहिनी म्हणती, बाहेर गेलेत. लय मोठा साहेब झाला का रं तो?"

"हं," ललित म्हणाला.

वाल्मीक पोळ्याच्या आधी गेला. सिन्नरहून येताना, घाटाच्या खाली, भर दुपारी. दहावा-तेरावा आटोपला आणि घरचा फोन वाजला. कोणीतरी दुकानदार होता, "वाल्मीकभाऊ आहेत का?" मंजुषाने एक क्षण रिसीव्हर धरून ठेवला आणि म्हणाली, "बाहेर गेलेत." ललित तिथंच होता. त्याने ऐकलं आणि चप्पल घालून मळ्यात निघून गेला. मग दुसरा फोन, मग तिसरा, आणि मग ते असंच चालू राहिलं. नवी पाटी दिवाळीला द्यायची कबूल केली होती. दिवाळी गेली. काम म्हणाल तर काहीच नव्हतं, नमुना काढायचा, झालं. ललित रोज कॉम्प्युटर लावायचा, नमुना उघडायचा, बोट पुसायच्या बटणापाशी न्यायचा आणि मग कॉम्प्युटर बंद करून टोपल्या उचलायला जायचा. रडला म्हणाल, तर तेही नाही. जीभ भाजली तरी त्याला चहा संपल्यावर कळायचं.

तेवढ्यात बहिरूनानाच दुकानात आले.

"नाना, मी नवी छापून देतो," देवराम आधीच उठून उभा राहिला.

"नवी? अरे, पहिली पत्रिका महादेवापुढं ठेवली, दुसरी कुलदैवताला धाडली, भावकीत वाटून झाली. देवापुढं ठेवलेलं आवतण बदलायचं असतं व्हय?" मग ते ललितकडे वळले. "तू माळोद्यांचा का? हे बघ, भावकी मला विचारती, हे माळोदे कोण? मी म्हणलो, पोरीचे मानलेले मामा-मामी हायेत, नाशिकचे. आता मामा-मामी मांडवात दिसले पाहिजेत. नायतर उद्या पोरीला सासरचे म्हणतील, तुझी पत्रिकाच खोटी. घेऊन ये दोघांना. हात जोडतो."

आता बोलायला हवं होतं ना? ललितचं तोंड उघडलंसुद्धा.

"सांगतो घरी," एवढंच बाहेर पडलं.

घरी मंजुषा शेवंतीचे हार ओवत होती. ललितने पत्रिका तिच्यासमोर ठेवली आणि नाना जसं बोलले तसं सगळं सांगितलं. तिने ती ओळ वाचली. सुई थांबली नाही.

कलाबाई, ललितची आई, चुलीपासून म्हणाली, "अजून वर्ष नाही झालं. आणि मंजू, लग्नाच्या मांडवात तू... कोणी तोंडावर बोललं म्हणजे?"

"नाव छापलंय, आई," मंजुषा म्हणाली. "माझंच छापलंय."

"तिथं सांगावं लागेल, वहिनी," ललित म्हणाला.

तिने दोरा दाताने तोडला आणि पुढचा हार घेतला.

लग्नाच्या दिवशी दोघं जीपने सायखेड्याला गेले. ललितच्या मांडीवर शेवंतीची टोपली. मांडवाच्या दारात नवाकोरा फेटा बांधून नाना उभेच होते. दुकानात एकदाच पाहिलेला चेहरा त्या गर्दीत त्यांना ओळखू आला नाही; शेजारी मंजुषा बघून त्यांनी ललितचे दोन्ही हात धरले.

"या, या वाल्मीकराव!"

"नाना, हा धाकला. ललित," मागून देवराम हसत आला. "वाल्मीकभाऊ कुठं राहिला?"

चार-पाच फेटे वळले. बँडवाला फुगून वाजवत होता. ललितच्या जिभेवर आयतं आलं होतं, बाहेर गेलेत.

"ते वारले, नाना," मंजुषा म्हणाली. फोनवर बोलायची, अगदी तशाच आवाजात. "पोळ्याच्या आधी. देवरामभाऊ, मी तुम्हाला फोनवर खोटं सांगत होते."

देवराम डोक्यावरची टोपी हातात घेऊन जवळच्या खुर्चीवर बसला. नानांनी मंजुषाच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग पायाकडे. मग शेजारच्या पोराच्या हातातलं अक्षतांचं ताट काढून घेतलं आणि तिच्यापुढं धरलं.

"देवापुढं नाव ठेवलंय तुमचं," ते म्हणाले. "अक्षता तुम्ही वाटायच्या. चला."

मागं बायकांमध्ये कुजबुज झाली, नाही असं नाही. एका म्हातारीने तर हातसुद्धा पुढं केला नाही. मंजुषा तिच्यापुढून निघून दुसरीपुढं गेली, दुसरीने ओंजळ धरली, मग तिसरीने, आणि रांग पुढं सरकत राहिली. ललितच्या हातावरही तिने मूठभर टाकल्या, अनोळखी माणसाला टाकाव्यात तशा. मंगलाष्टका झाल्या, सगळ्यांनी उधळल्या. ललितची मूठ तशीच राहिली.

परतताना जीप भरलेली होती. गोदावरीवरचा पूल मागं पडला.

"भाऊजी, नमुना काढा," मंजुषा म्हणाली.

"काढतो."

"पण नुसता काढू नका. माणसं परत कुणाच्या तरी पत्रिकेवर टाईप करणारच. निमंत्रकाची ओळ भरल्याशिवाय छापूच द्यायचं नाही. असं करता येतं?"

ललित समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत राहिला.

"येतं," तो म्हणाला. "छापायला गेलं की एक चौकट उघडायची. ती विचारेल."

"काय विचारेल?"

"निमंत्रक कोण, म्हणून."

"आणि नाहीच नाव टाकलं तर?"

"थांबून राहील."

"राहू दे थांबून." ती बाहेर बघत होती. द्राक्षांच्या बागा मागं जात होत्या. मग चेहरा न वळवता, आवाज जरा जाड करून, ती म्हणाली, "'वहिनी, तुमची पाटी लय आगाव हाय राव, मधीच चौकशा करती!'"

हुबेहूब देवराम. वाल्मीक करायचा त्या नकलेपेक्षा सूरही इकडं तिकडं नाही.

ललितला हसू आलं नाही. त्याने मांडीवरची रिकामी टोपली पायाशी ठेवली, मूठ उघडून अक्षता तिच्यात सोडल्या आणि मंजुषाकडे वळून बसला.

"अजून काय म्हणतील?" त्याने विचारलं.