थोरला परका, धाकटा इथला

तुरुंगाच्या फाटकासमोर मी आणि माझे धाकटे दीर सकाळपासून गाडी लावून बसलो होतो. आज ह्यांची दीड वर्षाची शिक्षा संपणार होती. मागच्या सीटवर ह्यांचे इस्त्रीचे कपडे होते आणि डब्यात उकडलेली अंडी. काही माणसं पिशव्या घेऊन बाहेर आली, त्यांच्या बायकांनी त्यांना मिठ्या मारल्या आणि फाटक पुन्हा बंद झालं.

मी तरातरा जाऊन पहारेकऱ्याला ह्यांचं नाव सांगितलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"त्यांना पहाटेच दुसरीकडे हलवलंय. व्हिसा रद्द झालाय. आता देशाबाहेर पाठवतील."

"कुठल्या देशाबाहेर? अहो, ते इथलेच आहेत!"

"कागदावर नाहीत, बाई."

गाडीपर्यंत आले, तर दार कसं उघडायचं तेच सुचेना.

हे या देशात आले ते सासूबाईंच्या कडेवर. पायही फुटले नव्हते. भाऊजी इथेच जन्मले म्हणून नागरिक, हे मात्र कायमच्या व्हिसावर. पण हा फरक घरात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. दोघांची शाळा एक, शिव्या एक, मॅच बघताना घसा बसवायची टीमही एकच. नागरिकत्वासाठी अर्ज करा म्हणून मी मागे लागले, तर हे म्हणायचे, "मी काय कुठे पळून चाललोय?" फरशी बसवणारा माणूस, दिवसभर गुडघ्यांवर. घरी आल्यावर त्याला गरम पाणी हवं असतं, अर्ज नव्हे.

आणि गुन्हा तरी ह्यांचा कुठे होता? पार्किंगवरून वाद झाला, भाऊजींनी एका माणसाला ढकललं आणि त्याचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. तो वाचला, पण त्याला त्यातलं काही आठवेना. पोलीस आले तेव्हा भाऊजी पांढरेफटक पडले होते. हे पुढे झाले आणि म्हणाले, "मी ढकललं."

हे जामिनावर घरी आले तेव्हा मी थैमान घातलं.

"अगं, तो शाळेत मास्तर आहे," हे म्हणाले. "केस झाली तर जन्माची नोकरी जाईल. माझं काय? फरशी लेव्हलमध्ये बसली की झालं. मिस्त्रीचं चारित्र्य कोण विचारतो?"

"थोरल्याने नाही सावरायचं तर कोणी?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. आमच्या घरात या वाक्यापुढे कोणाचं काही चालत नाही. माझंही चाललं नाही.

वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, लवकर सुटाल. जन्म कुठला, हे त्या शहाण्याने विचारलंच नाही. ह्यांचं बोलणं ऐकून शंका तरी कोणाला येणार?

फाटकावरून आम्ही तडक व्हिसाची कामं करणाऱ्या वकीलबाईंकडे गेलो.

"वर्षभराची किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, की परक्या माणसाचा व्हिसा जातोच," त्या म्हणाल्या. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर आपटावासा वाटला मला. परका म्हणे!

भाऊजी ताडकन उठले. "दादाने नाही, मी ढकललं त्याला. आत्ता लिहून देतो. मला टाका आत."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मनात म्हटलं, सुटलो! चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतील?

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचे दादा पोलिसांशी आणि कोर्टाशी खोटं बोलले?"

"माझ्यासाठी बोलला हो!"

"कोणासाठी का असेना, तोही गुन्हाच. त्यालाही वर्षाच्या वर शिक्षा होते. तुम्ही कबूल झालात तर तुमची नोकरी जाईल, तुरुंगही होईल. पण तुम्हाला देशाबाहेर कोणी काढणार नाही. त्यांचा व्हिसा मात्र दोन्हीकडून जातो."

"म्हणजे मी खरं बोललो तरीही?"

"अपील करू आपण. पण फार आशा धरू नका."

भाऊजी मटकन खाली बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. मला त्यांच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती. हात उचललाही, पण तो त्यांच्या पाठीवर गेला.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला.

"आई, तिथे उतरल्यावर कोणाकडे राहणार, तो पत्ता मागतायत. कोणाचा देऊ?"

सासूबाई पदराने ओटा पुसायला लागल्या.

"कोणीतरी असेल ना गं? मामा, काका, लांबचं का होईना?"

"नाही रे बाळा. कोणी उरलंच नव्हतं. म्हणून तर तुला उचलून निघाले."

भाऊजी दाराशी भिंतीला टेकून उभे होते. त्यांना पुढे यायचा धीर होत नव्हता.

"बरं," हे म्हणाले. "धाकटा जेवला का?"