गुरुनाथकाकांची दहा मिनिटं

त्या रविवारी सकाळी अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या घरात सगळं नेहमीसारखंच चाललं होतं, म्हणजे त्र्यंबकराव स्पीकरफोनवर भांडत होते.

"अरे, ज्यानं दार उघडलं त्यालाच घराबाहेर काढलंत तुम्ही!"

"दार उघडून उंबऱ्यातच उभा राहिला ना तुझा गोर्बाचेव! ना आत येऊ देई, ना बाहेर जाऊ देई," ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून गुरुनाथ कडाडले. "माझ्या येल्त्सिननं त्याला नुसतं बाजूला सारलं."

"एक्क्याण्णवला कैदेतून सुटून आलेल्या माणसाला भर सभेत बोट दाखवून कागद वाचायला लावला. ह्याला बाजूला सारणं म्हणतात होय रे लेका?"

"बास! घड्याळ लावलं. आता माझी दहा मिनिटं."

दोघं पुण्यातल्या एकाच कॉलेजात शिकवायचे. त्र्यंबकराव रशियन, गुरुनाथ इतिहास. सत्त्याऐंशी साली येल्त्सिननं मॉस्कोत कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत सुधारणा रखडल्याची तक्रार केली आणि पद गमावलं, तेव्हापासून ह्या दोघांचे दोन पक्ष झाले. हातघाईवर येऊ नये म्हणून त्यांनी नियम केला: घड्याळ लावून एकानं दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं तोंडातून अक्षर काढायचं नाही. पुढे दोघं मुलांकडे अमेरिकेत आले, तेव्हा सामानाबरोबर तो नियमही आला.

नियम झाला तेव्हा त्र्यंबकरावांची मुलगी सुलेखा चौदा वर्षांची होती. दहावीचे मार्क सांगायला ती धावत आली, तेव्हा बाबांनी थांब म्हणून नुसता हाताचा पंजा वर केला होता. शैलेंद्रशी लग्न करायचं ठरवल्याचं सांगायला आली तेव्हाही. बाबांच्या कपाटातली रशियावरची सगळी पुस्तकं तिनं वाचून काढली. निदान त्यामुळे तरी आपल्याला त्या गप्पांत जागा मिळेल असं तिला वाटायचं. मिळाली नाही.

त्या रविवारी बाबा डावा दंड चोळत होते.

"बाबा, दुखतंय का?"

पंजा वर झाला. गुरुनाथांची पाळी सुरू होती. ती भांडी लावायला निघून गेली.

सोमवारी रेडमंडला ऑफिसात जाताना गाडीतल्या रेडिओवर तिनं येल्त्सिन गेल्याची बातमी ऐकली. दहाला घरी फोन लावला, एंगेज. बाराला, तीनला, एंगेज. आज काय, दोघांना रानच मोकळं, असं म्हणून ती कामाला लागली. संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा फोनशेजारच्या खुर्चीत होते, रिसीव्हर मांडीवर पडलेला. थंडगार. हृदय सकाळीच कधीतरी थांबलं होतं, असं नंतर कळलं. फोन कुणाला लावायला घेतला असेल, ह्याचा विचार ती बारा दिवस करत राहिली.

तेराव्या दिवशी, शनिवारी, घरी शोकसभा झाली. चाळीसेक माणसं दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसली होती. गुरुनाथ ह्यूस्टनहून विमानानं आले होते. ते बोलायला उभे राहिले.

"त्या सकाळी मीच फोन केला त्याला. आधी माझी पाळी होती. मी बोलत होतो, तो ऐकत होता. मधे एकदा कण्हल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, बरोबर लागला मुद्दा! पण बोलला नाही. नियम म्हणजे नियम. माझी वेळ संपल्यावर म्हटलं, हं, आता तू बोल. उत्तर नाही. म्हटलं, स्वारी रुसली. एक्क्याण्णवला गोर्बाचेव पडला तेव्हा दोन महिने अबोला धरला होता त्यानं. मीही फोन ठेवून दिला." त्यांनी फोटोकडे हात केला. "शेवटच्या श्वासापर्यंत शब्द पाळला हो. असा मित्र व्हायचा नाही."

मागून कुणीतरी हळहळत "वा" म्हणालं.

सुलेखा उठली. शैलेंद्रनं तिचं मनगट धरलं. "सुलू, होऊ दे त्यांचं."

"नाही होऊ देणार." तिचा आवाज चढला नव्हता. "काका, शब्द नव्हते पाळत ते. ते मरत होते. माझा नंबर होता तुमच्याकडे. माझं ऑफिस वीस मिनिटांवर आहे."

"अगं पोरी, मला काय कल्पना..."

"कल्पना नव्हती, हे मला मान्य आहे. पण ती गोष्ट अशी अभिमानानं सांगू नका. निदान ह्या घरात तरी नाही."

गुरुनाथ मटकन खाली बसले. तिला वाटलं होतं, एवढं बोलल्यावर मोकळं वाटेल. वाटलं नाही. ती हार घातलेल्या फोटोकडे वळली.

"आणि बाबा, तुम्ही. 'दुखतंय' एवढंच म्हणायचं होतं. मॉस्कोत कोण कोणाला काय बोललं, हे तुम्हाला तारीखवार पाठ होतं. घरात कोण काय सांगायला येतंय, हे वीस वर्षांत एकदाही ऐकून घेतलं नाहीत. मला वाटायचं, ह्यांना आपण नको आहोत. तुम्हाला तर स्वतःचा जीवसुद्धा त्या वादापेक्षा मोठा वाटला नाही." तिला श्वास घ्यावा लागला. "मला तुमचा राग येतो. लहानपणापासून येतो. फार राग येतो मला तुमचा, बाबा."