नाकावर बोट

अम्मियाचं पत्र आलं तेव्हा मेंढ्यांची कातरणी सुरू व्हायची होती. ती उरकून लोकर बाजारात गेली, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. अम्मिया माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आईबाप गेल्यावर पेसिनसला मावशीकडे वाढली. तिनं लिहिलं होतं, 'काका, डोंगरातल्या त्रोफिमोसचं स्थळ आलंय. मला तो आवडतो. पण ती माणसं प्रार्थनेत नाकावर बोट ठेवतात. इथले धर्मगुरू म्हणतात, पाखंडी आहेत. तुम्ही सांगाल तसं करीन.'

मी अंकिराला बिशपांच्या घरी पोथ्या उतरवतो. पाखंडी पंथांची यादी देणाऱ्या पोथीत या लोकांवर एकच ओळ आहे: नाकावर बोट ठेवून ते दुःखाचं सोंग करतात. ती मी इतक्यांदा उतरवली होती की मलाही खरी वाटू लागली होती. पण एका ओळीवर पोरीचं लग्न मोडायचं? आणि होकार दिला नि ओळच खरी निघाली तर?

शेवटी भाड्याचं खेचर घेऊन डोंगरात त्या मुलाच्या गावी गेलो. त्रोफिमोसची आई तातिया दारातच उभी होती.

"या. व्याही म्हणू, की अजून नुसते पाहुणे?"

"पाहुणेच," मी पुटपुटलो.

"म्हणजे तपासायला आलात. आधी मसुराचं कढण घ्या. उपाशीपोटी सगळेच पाखंडी दिसतात."

कढण संपवून मी धीर केला. "ते तुमचं... नाकाचं..."

"पोथीत सोंग म्हणतात ना? लिहिणारा आमच्यात कधी बसला होता?"

"बहुधा नसावा."

"मग तुम्ही बसा. अहो, तोंड उघडलं की आम्ही देवापुढे नुसती मागणीच मागत बसतो. म्हणून दाराला घालतात तसा तोंडाला बोटाचा आडणा."

संध्याकाळी मेंढवाड्याशेजारच्या खोलीत सगळे जमले. प्रत्येकानं ओठांवर उभं बोट ठेवलं, टोक नाकाला टेकलेलं. शब्द नाही. एका म्हाताऱ्या धनगरानं बोट काढलं, दणकून शिंकला आणि बोट परत ठेवलं. शेजारची बाई हसू दाबता दाबता लाल झाली. दुःखी कोणीच दिसेना. आमच्या देवळात मला वाचायला उभं करतात तेव्हा मी घाईत ओळी गाळतो. इथे कोणी काही विचारत नव्हतं. किती वेळानं कोण जाणे, लक्षात आलं, माझंही बोट वर गेलं होतं. शेवटी सगळ्यांनी मोठ्यानं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव घेतलं, आम्ही अंकिराला घेतो तसंच.

बाहेर आल्यावर तातिया म्हणाली, "मग?"

"व्याही म्हणा."

"सुटलात बाई एकदाचे! चेहरा बघा, जसं तुमचंच लग्न अडलं होतं."

ती खोटं बोलत नव्हती. कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली.

सकाळी तिथेच बसून लिहिलं, 'अम्मिये, लग्न कर. यांचं सगळं मला कळलं असं नाही, पण सोंग मुळीच नाही. पोथीतल्या त्या ओळीचं काय करावं, मला अजून सुचलेलं नाही. लग्नाला येईन, फक्त चारचौघांत बोलायला लावू नकोस.'

पेसिनसला निघालेल्या लोकरीच्या व्यापाऱ्याकडे पत्र दिलं आणि त्याच्या गाड्या वळणाआड जाईपर्यंत उभा राहिलो.