पानावरची लव

आयुष्यभर लाकूड चमकवलेल्या माणसाला लेकीच्या घरी नुसतं बसून राहायला सांगायचं, म्हणजे शिक्षाच की हो! गुडघे कुरकुरायला लागले म्हणून म्हातारबुवांनी फर्निचर-पॉलिशचं दुकान बंद केलं आणि लेकीकडे राहायला आले. महिन्याभरात घरातली झाडून सगळी कपाटं, दारं, खुर्च्या लखलखायला लागली. जावईबापू तर एकदा खुर्चीवरून घसरलेसुद्धा. मग घासायला काही उरलंच नाही. दिवस खायला उठले. आपला इथं उपयोग काय, हाच विचार त्यांना पोखरायला लागला.

लेक वनस्पतींवर संशोधन करायची. संस्थेच्या काचघराची दुरुस्ती निघाली, म्हणून तिने वीस कुंड्या घरच्या बाल्कनीत आणून ठेवल्या. त्या झाडांच्या पानांवर पांढरी मऊ लव असते, मांजराच्या कानावर असते तशी. या लवेमुळे किडी पानाला तोंड लावत नाहीत, हे तिला दाखवून द्यायचं होतं. उजवीकडच्या दहा झाडांची लव तिने ब्लेडने काढली होती, डावीकडची दहा तशीच ठेवली होती. सोमवारी दोन्हींवर किडी सोडायच्या होत्या. वडिलांना मात्र ती एवढंच म्हणाली, "बाबा, बुडाशी पाणी तेवढं घाला."

आता यात म्हातारबुवांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा! शनिवारी पाणी घालायला गेले, तर डावीकडची पानं धुळीने पांढरीफटक. चाळीस वर्षांत त्यांनी धुळीचं टेबल गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं. मलमलीत कापूस गुंडाळून त्यांनी बोळा केला, पानाखाली तळहात धरला आणि गोल गोल, अलगद, एकेक पान पुसायला घेतलं. जेवण विसरले, गुडघे विसरले. संध्याकाळी दहावी कुंडी संपली तेव्हा ते चक्क गुणगुणत होते.

लेक आली आणि तिच्या हातातली पिशवीच गळून पडली.

"बाबा! हे काय करून ठेवलंत?"

"धूळ पुसली. बघ कशी हिरवीगार दिसतायत."

"धूळ कुठली? लव होती ती! सोमवारी काय डोंबल दाखवू मी? तुमचे हात जरा गप्प बसत नाहीत का हो?"

हे शेवटचं वाक्य म्हातारबुवांच्या जिव्हारी लागलं. खोलीत जाऊन त्यांनी बॅग काढली, कपडे भरले, वर मलमलीचे तुकडे ठेवले. दुकानामागची खोली अजून रिकामी होती. तिथं एकटं राहायचं जिवावर आलं होतं, पण लेकीच्या कामाची माती करून तिच्याच घरात राहायचं कोणत्या तोंडाने?

तासाभराने लेक दारात आली. हातात एक पान.

"हे कसं केलंत?"

"चुकलो म्हटलं ना."

"म्हटलंच नाहीत. ते राहू दे. मी आत्ता माझ्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पानावर एक ओरखडा नाही, बाबा!"

"ओरखडा कशाला येईल? हात हलका लागतो."

"माझा नाही ना लागत! ब्लेडने माझं प्रत्येक पान कापलं जातं. मग किडी लव नाही म्हणून आल्या की जखम आहे म्हणून आल्या, कसं कळणार? याच एका कारणासाठी माझा शोधनिबंध तपासणाऱ्यांनी दोनदा परत पाठवलाय. लवेची झाडं संस्थेच्या आवारात ढिगाने पडलीत, उद्या आणते. पण असं पान मला वर्षभरात एकसुद्धा जमलं नाही."

म्हातारबुवांनी पान उजेडात तिरकं धरलं.

"कडेला थोडी राहिलीये," ते नापसंतीने म्हणाले.

"बाबा, जाऊ नका ना. मी वाटेल ते बोलले. तुमच्या हातांना..." तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

म्हातारबुवांनी बॅगेतून मलमलीचा तुकडा बाहेर काढला.

"आधी तोंड पुसून घे," ते म्हणाले. "पानावर थेंब पडला तर डाग उठेल."